त्वचा आणि कान : शरीराचे दोन पहारेकरी

आपल्याकडे पाच ज्ञानेंद्रिये सांगितली आहेत. त्यांपैकी डोळ्यांची तपासणी आपण वेळेवर करून घेतो. त्वचा आणि कान मात्र आपण गृहीतच धरतो. ही दोन इंद्रिये काम कशी करतात, ते थोडक्यात पाहू.

त्वचेत दाब, कंप, उष्णता आणि थंडी ओळखणारी वेगवेगळी सूक्ष्म ग्राहके असतात. बोटांच्या टोकांशी ती दाट असतात, तर पाठीवर विरळ. पायाचे बोट टेबलाला आपटले की आधी स्पर्श कळतो, मग कळ येते आणि त्यानंतर ठणका सुरू होतो. स्पर्शाचा संदेश जाड मज्जातंतूंतून सेकंदाला 35 ते 75 मीटर वेगाने धावतो. ठणक्याचा संदेश बारीक तंतूंतून जेमतेम 2 मीटरने. आई दुखरी जागा चोळते तेव्हा बरे वाटते, ते उगीच नाही. चोळण्याचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, असा सिद्धान्त मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडला.

ठेचा खाल्ल्यावर तोंड 'भाजते' असे आपण म्हणतो, तेही अगदी बरोबर आहे! सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारे ग्राहकच मिरचीने जागे होते. हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि स्पर्शाचे ग्राहक शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वेदना नकोशी वाटते, पण ती नसेल तर काय होते? बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेले आनंदवन आपणा सर्वांना ठाऊक आहे. कुष्ठरोगात बोटे आपोआप 'झडत' नाहीत. जंतूंमुळे मज्जातंतू बधिर होतात, भाजलेले किंवा कापलेले कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे जातात. दीर्घकाळच्या मधुमेहातही पायाची संवेदना अशीच हळूहळू कमी होते. आपल्या दक्षिण आशियाई समाजात मधुमेहाचे प्रमाण जास्त आहे. त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी रोज तळवे पाहावेत, पाय शेकायला हीटरजवळ ठेवू नयेत आणि एन.एच.एस.ची पायांची वार्षिक तपासणी चुकवू नये.

आता कान. आवाजाने पडदा थरथरतो, तीन इवली हाडे तो कंप आत पोहोचवतात आणि शंखासारख्या अंतर्कर्णातील सुमारे 15,000 केशपेशी त्याचे विद्युत संदेशात रूपांतर करतात. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मुख्य अडचण अशी, की कान दुखू लागतो तो साधारण 120 डेसिबलच्या पुढे, पण नुकसान 85 डेसिबलपासूनच सुरू होऊ शकते. म्हणजे येथे वेदनेचा पहारेकरी फार उशिरा जागा होतो. 85 डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटे. ढोल-ताशाजवळ आवाज सहज तेवढा चढतो.

ब्रिटनच्या 2005 च्या नियमांनुसार 85 डेसिबलला कामगारांना कानांचे संरक्षण देणे मालकांवर बंधनकारक आहे. मग मिरवणुकीत आपल्या मुलांसाठी ते का नको? वादकांनी कानात बोळे घालावेत, लहानग्यांना कानटोप्यांऐवजी आवाज अडवणारे इअर डिफेंडर लावावेत आणि ढोलापासून चार पावले दूर उभे करावे. उत्साह तेवढाच राहील, आणि पुढची अनेक वर्षे आरतीही स्पष्ट ऐकू येईल.