आडनावामागचे कूळ : जेफ्री चॉसरचे पूर्वज

आपल्या मंडळीच्या नोंदवहीत आजोबांच्या बाप्तिस्म्याची वा पणजीच्या विवाहाची नोंद आपण कधी पाहिली असेल. इंग्लंडात अशा नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. मग त्यापूर्वीच्या माणसाचे कूळ कसे शोधावे? 'कँटरबरी टेल्स'चा कर्ता जेफ्री चॉसर (मृत्यू १४००) याच्या उदाहरणावरून हे पाहू या.

१. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे : १९ जून १३८१ रोजी चॉसरने लंडनच्या थेम्स स्ट्रीटवरील आपल्या वडिलांच्या घरावरचा हक्क लेखी सोडून दिला. त्या लेखात तो स्वतःस द्राक्षारसाचा व्यापारी जॉन चॉसर याचा पुत्र म्हणवितो. मालमत्ता वारशाने उतरते, म्हणून अशा लेखांत नाते स्पष्ट लिहावे लागे.

२. न्यायालयाची दप्तरे पाहावीत : डिसेंबर १३२४ मध्ये हाच जॉन लहान असताना त्याच्या आत्याने त्याला साथीदारांकरवी पळवून नेले. आपल्या मुलीशी त्याचे लग्न लावावे व इप्सविच येथील जमीनजुमला घरातच राखावा, हा तिचा डाव होता. तो फसला आणि २५० पौंडांची जबर भरपाई ठरली. एका बालकावर लोभापायी हा अन्याय झाला. पण त्याच खटल्यामुळे जॉनचे कुटुंब व त्याचा वारसा यांची नोंद राहिली. त्याचा पिता रॉबर्ट, माता मेरी.

३. आडनावावर विसंबू नये : 'चॉसर' हा शब्द पायताणे करणाऱ्याच्या फ्रेंच नावावरून आला, हे घराणे मात्र द्राक्षारसाच्या व्यापारातले. रॉबर्टचा पिता अँड्र्यू हा इप्सविचचा, आणि तो डेनिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जाई. उलट मेरीचा नंतरचा पती रिचर्ड हाही चॉसरच म्हणवीत असे. तो जॉनचा सावत्र पिता होता. आडनाव पाहून रिचर्डला जेफ्रीचा आजोबा ठरविणारा चुकेल, आणि डेनिंग्टनच्या अँड्र्यूला परका मानणाराही चुकेल.

आपल्या घराण्याचा शोध घेताना हेच ध्यानी ठेवा. एका पिढीचे नाते लेखाने सिद्ध झाल्यावरच मागच्या पिढीकडे वळा. नावाचे साम्य ही केवळ खूण आहे, पुरावा नव्हे.