बिल्ल्याची कड

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांना आपल्या संस्थानातील शालेय शिक्षणात जे स्थान दिले, त्याचा संस्कार १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावरही या परिसरातून लोपला नाही. म्हणूनच रथसप्तमीच्या सामुदायिक नमस्कारांसाठी मुलांच्या सदऱ्यांवर सूर्यबिंबाचे भरतकाम केलेले बिल्ले लावण्याची तजवीज एका शाळेने केली, तेव्हा शिवणकाम शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मला तिचे मनःपूर्वक कौतुक वाटले. परगावच्या कारागिराकडून आलेले ते बिल्ले देखणेही होते. परंतु साष्टांग स्थितीत छाती जमिनीला टेकते आणि प्रत्येक नमस्कारागणिक बिल्ल्याची कड घासली जाते, हे ना करविणाऱ्याने ध्यानी घेतले, ना करणाऱ्याने. परिणामी थोड्याच धुण्यांत दश्या लोंबू लागल्या, किरणांची टोके उसवली आणि मुले हिरमुसली.

एक बिल्ला मी उलटून तपासला. भरतकाम निर्दोष होते. मात्र कापड आधी कापून कड नुसत्या खळीने बसविली होती, आणि खळ पाण्यात विरघळल्यावर उभ्या-आडव्या धाग्यांना धरून ठेवणारे काहीच उरले नव्हते.

ज्यांना असे काम करावयाचे असेल त्यांनी घट्ट विणीचे ड्रिल घेऊन त्याखाली मांजरपाटाचा थर द्यावा. मात्र दोन्ही कापडे आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावीत, कारण एक अधिक आटले आणि दुसरे कमी, तर बिल्ल्याला फुगवटा येतो. लाल दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून रंग सुटतो का ते पाहावे. आकार वर्तुळाचाच बरा; किरण कितीही मोहक वाटले तरी ते वर्तुळाच्या आतच संपवावेत.

खरी कसोटी कडेची. कापड रिंगेत ताणलेले असतानाच परिघावर धावदोऱ्याच्या दोन लगतच्या ओळी घालाव्यात आणि त्यांना झाकून सुमारे ४ मिलिमीटर रुंदीचा काजटाका असा घालावा, की त्याच्या गाठींची पाळ बाहेरच्या अंगास येईल, टाक्यांमधून कापड दिसणार नाही आणि तरीही टाक्यावर टाका चढणार नाही. चढला तर कड वाकडी होते. दोरा संपल्यास गाठ न मारता त्याचे टोक मागील टाक्यांखालून ओवावे. एवढे झाल्यावरच रिंग सोडून, बारीक धारदार कात्रीचे पाते किंचित बाहेर कलते धरून, पाळीलगत कापड कापावे. पाळीचा धागा तुटता कामा नये.

काम बाहेर देणाऱ्यांनी सर्व बिल्ल्यांची मागणी नोंदविण्यापूर्वी एक नमुना मागवून, तो धुऊन, एखाद्या मुलाच्या सदऱ्यावर लावून नमस्कार घालायला लावून पाहावे, आणि कडेच्या कामाची मजुरी करारात स्वतंत्र लिहावी. एकठोक दर ठरविला म्हणजे भरणाऱ्या बाईचा कडेवर जाणारा वेळ कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.