ढोरफोडीच्या माळावरील गिधाडे

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे, त्यांस एक देखावा खचित आठवत असेल. गावात एखादा बैल अगर म्हैस मेली म्हणजे ती ओढून गावाबाहेरच्या माळावर नेत. कातडे निघाले न निघाले तोच आकाशात एक काळा ठिपका फिरू लागे. मग दुसरा, मग दहा, मग वीस. आणि बघता बघता ती थोराड पाखरे पंख आवरून धपधप खाली उतरत. एकमेकांस ढकलीत, फिसकारीत, उघडी मान पार आतपर्यंत खुपसून ती जेवत. तासाभरात त्या जनावराच्या जागी सांगाडा तेवढा उरे. आम्ही पोरे लांब बांधावर बसून हे पाहत असू आणि नाके मुरडत असू. घरी कोणी हावरेपणाने जेवू लागला तर आजी त्यास "गिधाडासारखा तुटून पडू नको" म्हणून दटावी. त्या पक्ष्याविषयी चांगला शब्द आम्ही कोणाच्याच तोंडून ऐकला नाही.

त्या माळाशी आमच्यापैकी पुष्कळांचे नाते निराळेच होते, हे लपविण्यात अर्थ नाही. मेलेले ढोर ओढण्याचे काम गावाने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांचेच आम्ही नातू-पणतू आहोत. ते काम सुटावे म्हणून आमच्या वडिलांनी व आज्यांनी जे सोसले, ते सोसल्यावर त्या माळाकडे मागे वळून पाहण्याची कोणास हौस वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि आमच्या आजोबांच्या शेजारी बसून तेच काम करणारा जो दुसरा कामकरी होता, तो आता कोठे गेला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कारण तो गेल्यामुळे गावोगावी माणसे मेली आहेत.

विद्वान लोक हल्ली ज्यास जैवविविधता असे भारदस्त नाव देतात, ती काही केवळ अरण्यात राहणारी गोष्ट नव्हे. एका प्रदेशात किती तऱ्हेचे जीव, झाडे, किडे व जंतू नांदतात आणि ते एकमेकांच्या आधाराने कसे जगतात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पुष्कळ लेखक येथे बारा बलुतेदारांची उपमा देतात: जसा सुतार, लोहार, कुंभार यांवाचून गाव चालत नाही, तसे एकेका जीवावाचून सृष्टी चालत नाही. ही उपमा आम्हांस फारशी रुचत नाही. बलुतेदारीने मनुष्यास जन्माने एका कामास जखडले, आणि मनुष्य दुसरे काम शिकू शकतो. गिधाड मात्र खरोखरच दुसरे काम शिकू शकत नाही. त्याची देहरचनाच एका कामाकरिता झाली आहे, आणि ते काम त्याच्याइतके चांगले दुसऱ्या कोणासही साधत नाही.

ती रचना जरा बारकाईने पाहू. डोक्यावर व मानेवर पिसे जवळजवळ नाहीत, म्हणून रक्तामांसात मान खुपसली तरी घाण चिकटून राहत नाही. पंख इतके रुंद की, ऊन तापून हवा वर चढू लागली म्हणजे ते न हलविता घटकान् घटका तरंगता येते. एकास मेलेले जनावर दिसले आणि तो खाली वळला की दूरचा दुसरा त्यास पाहून वळतो, त्यास पाहून तिसरा. अशा रीतीने कोसानुकोसांवरून निरोप पोहोचतो. जठरातील आम्ल इतके तीव्र की सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात नष्ट होतात. शिवाय हा पक्षी जिवंत जनावरावर सहसा झडप घालत नाही, मनुष्यास चावत नाही आणि गल्लीत हिंडत नाही. काम आटोपले की उडून जातो. असा सफाई कामगार कोणत्याही नगरपालिकेस पगार देऊनही मिळावयाचा नाही.

आपल्या देशात गिधाडांच्या ९ जाती आढळतात. त्यांतील तीन जाती एके काळी सर्वत्र होत्या: पांढऱ्या पाठीचे गिधाड, जे उंच झाडांवर घरटे करते, लांब चोचीचे, जे सह्याद्रीतील कड्यांच्या कपारीत राहते, आणि निमुळत्या चोचीचे, जे उत्तरेस व ईशान्येस असते. १९८० च्या सुमारास भारतात सर्व मिळून सुमारे ४ कोटी गिधाडे असावीत असा अंदाज केला जातो. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर त्या काळी मोठ्या शिकारी पक्ष्यांत सगळ्या जगात संख्येने बहुधा पहिले होते. एवढ्या विपुल जातीवर काही संकट येईल असे कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

मग राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव अभयारण्यातून पहिली वार्ता आली. तेथे १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या सुमारास घरटी मोजली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश ह्यांनी १९९० नंतरच्या वर्षांत पुन्हा मोजदाद केली, तेव्हा घरटी ओस पडत चालली होती. नव्या शतकाच्या आरंभी तेथे एकही जोडी उरली नाही. पक्षी फांदीवर मान खाली लोंबकळत ठेवून दिवसचे दिवस बसत आणि मग पिकल्या फळासारखे खाली पडत. देशभर हेच घडले. १९९२ ते २००७ ह्या १५ वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारास एक ह्या प्रमाणात उरली. उरलेल्या दोन जाती मिळून शेकडा ९७ नाहीशा झाल्या.

आरंभी सर्वांस वाटले की ही काही साथ असावी. शोध लागला तो पाकिस्तानात. लिंडसे ओक्स नावाच्या अमेरिकन पशुरोगतज्ज्ञाने व त्याच्या सोबत्यांनी मेलेली गिधाडे चिरून पाहिली, तो काळिजावर व मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा थर. मूत्रपिंडे निकामी होऊन अंगातील विषार आतल्या आत साचला होता. जंतू सापडेना, कीटकनाशक सापडेना. शेवटी त्यांनी ती गिधाडे जी गुरे खात त्यांस कोणते औषध दिले जाते याची विचारपूस केली, आणि २००४ साली उत्तर प्रसिद्ध झाले: डायक्लोफेनॅक.

वाचकहो, हे नाव तुम्हांस परके नाही. गुडघेदुखीस व कंबरदुखीस हेच औषध आपण घेतो. १९९४ च्या सुमारास ते फार स्वस्त झाले आणि गुरांनाही दिले जाऊ लागले. बैल लंगडू लागला, गाईच्या कासेस सूज आली, की एक सुई. जनावर उठून चरू लागे. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मुक्या जनावराची वेदना पाहून ज्याने पदरचे पैसे खर्चून सुई टोचविली, त्याने दयाच केली. परंतु ते जनावर दोनतीन दिवसांत मेले तर औषध मांसात राहिलेले असते, आणि गिधाडाच्या मूत्रपिंडांस त्याचा लहानसा अंशही सोसत नाही. एका सांगाड्याभोवती शंभर पक्षी जमतात. म्हणून शंभरातील एका ढोराहूनही कमी ढोरांत ते विष असले तरी सगळी जात खलास होण्यास पुरेसे होते, असे हिशेबाने ठरले आहे.

आता पुढचा भाग, जो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. गिधाडे गेली, पण ढोरे मरावयाची थांबली नाहीत. माळावर मांस पडून सडू लागले. कावळे आले, घारी आल्या. परंतु त्यांच्याने ते काम उरकेना. मग आली कुत्री. गिधाडाची जोडी वर्षास एकच अंडे घालते आणि पिलू वयात येण्यास चारपाच वर्षे घेते. कुत्रीस एका वेताला पाचसहा पिले, आणि वर्षातून दोन वेते. १९९२ ते २००६ ह्या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे ५५ लाख कुत्री अधिक झाली आणि पिसाळ रोगाने सुमारे ४८,००० माणसे अधिक दगावली, असा हिशेब २००८ साली मार्कंड्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. पुढे २०२४ साली फ्रँक व सुदर्शन ह्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी जिल्ह्याजिल्ह्यांचे मृत्यू तपासले. जेथे पूर्वी गिधाडे पुष्कळ होती, तेथे माणसांच्या मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ हून अधिक वाढलेले त्यांना आढळले. कुत्री चावून व सडक्या मांसाने पाणी बिघडून, २००० ते २००५ ह्या ५ वर्षांत मिळून सुमारे ५ लाख माणसे अधिक मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

लाखांचे आकडे ऐकून मन बधिर होते. आमच्या मंडळीतील एका घरची गोष्ट सांगतो. नऊ वर्षांचा मुलगा शेळ्या वळण्यास माळाकडे गेला असता तेथील कुत्र्यांनी त्याच्या पोटरीचा लचका तोडला. शेजाऱ्यांनी जखमेवर तिखट भरले, आणि एक जण तर त्यास देवऋषाकडे नेण्यास निघाला होता. मुलाच्या आईने ऐकले नाही. नळाखाली बसवून साबणाने जखम धुतली आणि पहिल्या एस.टी.ने तालुक्याच्या दवाखान्यात नेले. मुलगा वाचला. परंतु ते पुढचे दोन महिने ती माउली रात्री उठून उठून त्यास पाणी पिता येते की नाही हे पाहत असे. उपदेशक बंधूंनी येथे क्षणभर थांबून वर्गास हे स्पष्ट सांगावे: कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पुरी १५ मिनिटे धुवावी, तिखट, चुना, तेल काही लावू नये, आणि त्याच दिवशी लस घेण्यास जावे, पुढची टोचणीही एकही चुकवू नये. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे जवळजवळ कोणीच वाचत नाही.

लेवीयाच्या पुस्तकात निषिद्ध पाखरांत गिधाडाची गणना आहे, तेव्हा त्याचा कैवार आपण का घ्यावा, असे आम्हांस एका वृद्ध बंधूने विचारले. ज्यास खाऊ नये म्हणून सांगितले, त्यास नाहीसे करावे असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. आणि नोहाच्या तारवात अशुद्ध प्राण्यांच्या जोड्याही चढल्या होत्या. असो.

सरकारने २००६ साली गुरांकरिता डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांकरिता असलेल्या मोठ्या बाटल्या चोरवाटेने गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांच्या सुईची बाटलीही एका मात्रेपुरती, ३ मिलिलिटरची, ठरविण्यात आली. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ही औषधेही गिधाडांस घातक ठरली. त्यांवर २०२३ साली गुरांपुरती बंदी आली, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाईडवर. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडे पाळून वाढविण्याचे केंद्र आहे. तेथील २० पक्षी २०२४ च्या जानेवारीत आपल्या विदर्भातील पेंच व ताडोबा येथे आणण्यात आले. पुढे त्यांतील काही दगावले, हेही सांगितले पाहिजे. नाशिक जिल्ह्यातील खोरीपाडा येथे व गडचिरोलीच्या जंगलात औषधमुक्त ढोरे ठराविक जागी ठेवून गिधाडांस जेवू घालतात, आणि रायगड जिल्ह्यात म्हसळे-श्रीवर्धनच्या बाजूस थोडी घरटी टिकली आहेत. पडझड मंदावली आहे. पूर्वीचे थवे मात्र परतलेले नाहीत, आणि वर्षास एक अंडे घालणारा पक्षी परतावयाचा तरी किती वेगाने?

तेव्हा गोठ्यात काय करावे? जनावरास वेदनेवर औषध देऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. मेलॉक्झिकॅम नावाचे औषध गुरांस तितकेच गुणकारी आणि गिधाडांस निर्धोक आहे, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे; टॉल्फेनॅमिक ॲसिड हेही तसेच. डॉक्टर सुई भरू लागला की बाटलीवरील नाव वाचून दाखवावयास सांगावे. आपला मुलगा सातवी शिकला असेल तर त्यालाच वाचू द्यावे. बंदीतले औषध दिलेले ढोर मेले, किंवा काय दिले याची शंका असेल, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. फाशीने मेलेले ढोर तर फाडूही नये. जसेच्या तसे पुरावे. बाकीचे माळावर गेले तर चालेल, जर त्या मुलखात खाणारा पक्षी उरला असेल. पिसाट कुत्री मारण्याकरिता मढ्यात विष घालण्याची जी चाल काही ठिकाणी आहे ती सर्वथा सोडावी, कारण त्या मढ्यावर कुत्र्याच्या आधी गिधाड उतरते.

राहता राहिला खड्डा कोणी खणावा हा प्रश्न. गेल्या वर्षी एका गावात मेलेली म्हैस पुरण्याकरिता आमच्याच मंडळीच्या वस्तीवर निरोप आला होता. गिधाडे नाहीत, तेव्हा त्यांचेही काम आता तुम्हीच करा, असा त्याचा भावार्थ. वस्तीतील तरुणांनी नम्रपणे कळविले की फावडी आम्ही देऊ, खड्डा म्हशीच्या धन्याने खणावा, किंवा ग्रामपंचायतीने मजुरी देऊन यंत्र आणावे. चार दिवस गावात कुरबूर झाली. पाचव्या दिवशी, वास असह्य झाल्यावर, धनी व त्याचे दोघे पुतणे स्वतः कुदळी घेऊन माळावर गेले. फावडी मात्र वस्तीतूनच नेली.