वृद्धांची शुश्रूषा : माणसांची टंचाई आणि करिअरच्या वाटा

पक्षाघात, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, खुब्याचे मोडलेले हाड किंवा निव्वळ वार्धक्य यांमुळे ज्यांना स्वतःचे स्वतः करता येत नाही, त्यांना दीर्घकाळ शुश्रूषा लागते. अंघोळ घालणे, भरवणे, अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलणे, औषधे वेळेवर देणे आणि प्रकृतीतला बदल डॉक्टरांना कळवणे, ही कामे महिनोन्महिने चालतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील 9.9 टक्के लोक साठीच्या पुढचे होते. देशाचे प्रमाण 8.6 टक्के होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीच्या 2023 च्या अहवालानुसार 2050 पर्यंत देशातील हे प्रमाण 20 टक्क्यांवर जाईल.

नागपुरातील धरमपेठेसारख्या जुन्या वस्तीत हा बदल आधी जाणवतो. निवृत्त प्राध्यापक, अधिकारी, वकील अशांची ही वस्ती. अनेकांची मुले पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशात आहेत. धरमपेठ, रामदासपेठ, धंतोली या भागांत नर्सिंग होम भरपूर आहेत, पण तिथे रुग्ण काही दिवसच राहतो. त्यानंतरची शुश्रूषा घरच्यांवर, नर्सिंग ब्यूरोकडून आलेल्या अटेंडंटवर किंवा वृद्धाश्रमावर येते. माणसे सर्वांत कमी पडतात ती इथेच.

टंचाई का आहे

पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. एका रुग्णाजवळ चोवीस तास कुणी असायचे, तर आठवड्याचे 168 तास भरावे लागतात. दुकाने व कारखान्यांसाठी कायद्याने घातलेली आठवड्याची 48 तासांची मर्यादा इथेही पाळली, तर साडेतीन माणसे लागतात. रजा धरल्या तर किमान चार. प्रत्यक्षात बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत दोघांवरच भागवले जाते. म्हणजे प्रत्येकाला सुटीविना 84 तास. कंबरदुखी, अपुरी झोप आणि मनाचा थकवा यामुळे माणसे काम सोडतात आणि मागे राहिलेल्यांवरचा भार वाढतो.

दुसरे कारण प्रशिक्षणाचे. अनेक अटेंडंट कोणताही अभ्यासक्रम न करता कामाला लागतात. रुग्णाला उचलण्याची योग्य रीत, बेडसोर टाळण्याचे उपाय किंवा नळीवाटे अन्न देण्याची पद्धत त्यांना कुणी शिकवलेली नसते. तिसरे कारण वेतनाचे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली परिचारिका मोठ्या रुग्णालयाकडे, सरकारी भरतीकडे किंवा परदेशाकडे वळते. ही उणीव जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालाने जगात 59 लाख परिचारिका कमी असल्याचे नोंदवले होते.

नागपूरची परंपरा

या कामाला नागपुरात प्रतिष्ठेचा इतिहास आहे. तरुणपणी वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी येथील डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि 1921 मध्ये वेणूताई नेने यांच्यासोबत मातृ सेवा संघ सुरू केला. 1961 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रसूतिसेवेपासून सुरू झालेल्या या संस्थेने पुढे पंचवटी वृद्धाश्रम आणि समाजकार्याचे महाविद्यालयही उभे केले. परिचर्येच्या शिक्षणावर किती मोठे काम उभे राहू शकते, याचे हे घरचेच उदाहरण आहे.

शिक्षणाच्या पायऱ्या

बारावी विज्ञान शाखेतून जीवशास्त्रासह झालेल्यांसाठी चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग ही सर्वांत भक्कम वाट. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. तीन वर्षांचा जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) आणि दोन वर्षांचा एएनएम (ऑक्झिलियरी नर्सिंग अँड मिडवायफरी) हे अभ्यासक्रम इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही खुले आहेत. जीएनएमनंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. वृद्धांच्या परिचर्येची स्वतंत्र पदविकाही आहे. या अभ्यासक्रमांनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी अनिवार्य ठरते.

ज्यांना एवढी वर्षे देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी जनरल ड्युटी असिस्टंट, होम हेल्थ एड आणि वृद्ध-शुश्रूषा सहायक असे काही महिन्यांचे कौशल्य अभ्यासक्रम आहेत. त्यांतून काम लवकर मिळते, पण परिचारिकेचा दर्जा मिळत नाही. फिजिओथेरपी, आहारशास्त्र आणि समाजकार्य या शाखांतूनही या क्षेत्रात येता येते.

परदेशाची संधी

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जपानने 2019 मध्ये सुरू केलेल्या कुशल कामगार व्हिसात वृद्धांच्या शुश्रूषेचा समावेश आहे आणि त्यासाठी 2021 मध्ये भारताशी करार झाला. दोन्हीकडे भाषा आल्याशिवाय दार उघडत नाही. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यतेसाठी साधारणपणे बी-2 पातळीची जर्मन लागते. जपानसाठी भाषेबरोबर शुश्रूषेची परीक्षाही द्यावी लागते. पाठवणारी एजन्सी परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेली आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पैसे भरण्यापूर्वीच तपासावे.

पालकांच्या शंका

रात्रपाळी, मुलीची सुरक्षितता, अस्वच्छ वाटणारी कामे आणि कमी पगार या शंका रास्त आहेत. त्यांचे उत्तर ठिकाण नीट निवडण्यात आहे. महाविद्यालय घेताना परिषदेची मान्यता आणि प्रात्यक्षिकासाठी जोडलेले रुग्णालय पाहावे. नोकरी घेताना एका पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण, साप्ताहिक सुटी, रात्री जाण्यायेण्याची सोय, भविष्य निर्वाह निधी आणि लेखी नेमणूकपत्र यांची विचारणा करावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सर्वसाधारण रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका आहे. त्यापेक्षा फार मोठा भार सांगणारे ठिकाण टाळावे. मुलगेही या शिक्षणाला पात्र आहेत आणि जड रुग्णांच्या शुश्रूषेत त्यांची गरज मोठी आहे.

प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने एखाद्या वृद्धाश्रमात परवानगी घेऊन काही दिवस मदत करावी. म्हाताऱ्या माणसाची चिडचिड, विसर आणि शरीरधर्म सोसण्याची तयारी पुस्तकातून कळत नाही. टंचाईमुळे नोकरी मिळेल. पण योग्य वेतन आणि सन्मान मिळवून देतात ते मान्यताप्राप्त शिक्षण आणि परिषदेची नोंदणी. म्हणून कमी दिवसांच्या प्रमाणपत्रावर थांबण्यापेक्षा, शक्य असेल त्या प्रत्येकाने नोंदणी मिळवून देणारा अभ्यासक्रमच निवडावा.