झिजेचा हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

स्थूल राष्ट्रीय उत्पादनातून घसारा वजा केला की निव्वळ राष्ट्रीय उत्पादन मिळते, हे आपण अर्थशास्त्राच्या तासाला शिकतो. मीही ते परीक्षेपुरते पाठ केले होते. अर्थ उमगला तो मात्र पंचवटीतील आमच्या घराच्या ओट्यावर.

माझे वडील रामकुंड ते तपोवन या भागात रिक्षा चालवतात. भाड्यातून इंधन व दुरुस्ती वजा जाता उरते ती कमाई, असा आमचा हिशेब. जुनी रिक्षा मोडीत निघाली तेव्हा गाठीला काही नव्हते. कर्ज काढावे लागले. कमाई समजून आम्ही रिक्षाच थोडी थोडी खात होतो!

समजा, रिक्षा २,४०,००० रुपयांची असून सहा वर्षांनी तिचे ६०,००० येतील. स्थिर हप्ता पद्धतीने घसारा दरवर्षी ३०,००० रुपये. परंतु नव्या वाहनाची किंमत सुरुवातीलाच अधिक उतरते. म्हणून घटत्या शिलकेच्या पद्धतीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के आकारतात.

संगणकावरील एक्सेलमध्ये यासाठी ‘डीबी’ हे सूत्र आहे. त्याला मूळ किंमत, अखेरची किंमत, आयुष्य आणि कितवे वर्ष, हे चार आकडे याच क्रमाने द्यावेत: =डीबी(२४००००,६००००,६,१). पाचवा आकडा ऐच्छिक आहे. खरेदी ऑक्टोबरच्या आरंभी झाली, तर मार्चअखेरपर्यंतचे म्हणून तेथे ६ महिने लिहावेत. न लिहिल्यास १२ धरले जातात.

सूत्र दर कसा काढते? अखेरची किंमत भागिले मूळ किंमत म्हणजे ०.२५, त्याचे सहावे मूळ सुमारे ०.७९४, ते एकातून वजा करून दर ०.२०६, म्हणजे २०.६ टक्के. पहिल्या वर्षी घसारा ४९,४४० रुपये. उरलेल्या १,९०,५६० वर दुसऱ्या वर्षी ३९,२५५ आणि सहाव्या वर्षी केवळ १५,६०२ रुपये.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दर तीन दशांश स्थळांपर्यंतच घेतला जात असल्याने शेवटी ६०,००० ऐवजी ६०,१३६ रुपये उरतात. ती आपली चूक नव्हे. दुसरे, अखेरची किंमत शून्य लिहिली तर दर शंभर टक्के होतो आणि सारी किंमत पहिल्याच वर्षी संपते. शिवाय आयकरासाठी घसाऱ्याचे दर नियमांनी ठरलेले असतात; तेथे हा दर चालत नाही.

वर्षाचे ३०० दिवस धंद्याचे धरले, तर पहिल्या वर्षाची झीज रोजची सुमारे १६५ रुपये होते. हा आकडा मी अण्णांना सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे एवढे पैसे आपले नव्हेतच, रिक्षाचे आहेत.”

माझ्या पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा ही व्याख्या मला अधिक सोपी वाटली. मात्र घसारा कागदावर मांडल्याने पैसा साठत नाही. तो रोज बाजूला काढावा लागतो. आमच्या घरी आता त्यासाठी एक वेगळा डबा आहे.