बोल्ट बसले म्हणजे फिल्टर बसला नव्हे

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानके अमलात आली, डिझेल मोटारीच्या धुरातील कणांची मर्यादा प्रतिकिलोमीटर 25 मिलिग्रॅमवरून 4.5 मिलिग्रॅमवर उतरली, आणि काजळी अडवून ठेवणारा डीपीएफ हा फिल्टर डिझेल गाड्यांच्या धूरमार्गात कायमचा स्थानापन्न झाला. अडवलेली काजळी सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमानात जाळून टाकणे हा त्याचा धर्म; परंतु त्यासाठी गाडी काही काळ अखंड वेगाने धावावी लागते, आणि अंजूरफाट्यापासून कल्याण नाक्यापर्यंत कंटेनरच्या रांगांमागे खोळंबणाऱ्या भिवंडीकराला नेमकी तीच गोष्ट दुर्लभ असते.

काल्हेर-राहनाळच्या गोदामांपर्यंत आखूड फेऱ्या करणाऱ्या माझ्या गाडीचा फिल्टर याच कारणाने तुंबला, आणि नव्याची किंमत ऐकल्यावर जुन्या मालाकडे दृष्टी वळणे क्रमप्राप्तच झाले. एका भंगार-गोदामात, अपघातानंतर मोडीत निघालेल्या त्याच नावाच्या गाडीचा फिल्टर मिळाला. “साहेब, बोल्ट बसले म्हणजे माल बसला,” अशी ग्वाही देऊन व्यापाऱ्याने रोख रक्कम घेतली; पावती मात्र मागूनही दिली नाही. थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवरचा दिवा पुन्हा लागला, आणि काजळी जाळण्यासाठी इंजिनाने वारंवार सोडलेले जादा डिझेल ऑइलमध्ये उतरून दांडीवरची पातळी वाढू लागली. फिल्टर उतरवून पाहिला तेव्हा उलगडा झाला, की त्याच्या नळ्या राखेने भरलेल्या होत्या आणि त्यावरचा क्रमांक त्याच नावाच्या, पण निराळ्या इंजिनाच्या गाडीचा होता. गेलेला माल परत घेत नाही, असा निवाडा देऊन व्यापारी मोकळा झाला.

म्हणून ज्यांना जुना फिल्टर घेणे भाग आहे, त्यांनी प्रथम त्याच्या ओळखीची खातरजमा करावी. गाडीचे नाव आणि साल यांवर न विसंबता 17 अक्षर-अंकी चॅसी नंबरावरून अधिकृत विक्रेत्याकडे सुट्या भागाचा क्रमांक काढून घ्यावा, तो बदलला असल्यास पर्यायी क्रमांकही विचारावा, आणि फिल्टरच्या कवचावरील आकड्यांशी ताडून पाहावा. फिल्टरच्या दोन्ही टोकांमधील दाबाच्या फरकावरून गाडीचा संगणक काजळीचा हिशेब मांडतो; आकारमान निराळे असेल तर तो हिशेबच चुकतो, आणि काजळी प्रमाणाबाहेर साठून एकदम पेटली तर आतील सिरॅमिक वितळते किंवा तडकते.

दुसरी परीक्षा अंतरंगाची. फिल्टरच्या नळ्या एकाआड एक, विरुद्ध टोकांना बुजवलेल्या असतात, त्यामुळे एका टोकाला टॉर्च लावल्यास दुसऱ्या टोकाला प्रकाश आरपार दिसता कामा नये; दिसला तर गाभा फोडलेला किंवा काढून टाकलेला आहे असे खुशाल समजावे. धूर बाहेर पडण्याच्या बाजूला पांढरे फडके फिरवावे, आणि ते काळेकुट्ट झाले तर आत तडा आहे असे मानून माल नाकारावा. हलवून पाहताना खडखड आली तरी निर्णय तोच.

तिसरी गोष्ट राखेची, आणि तीच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधील कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस यांची राख कशानेही जळत नाही. ती वर्षानुवर्षे साचत जाते आणि तीच फिल्टरचे खरे वय सांगते. भंगाराच्या बाजारात वजनाला दाम मिळतो, पण येथे फिल्टर जितका जड तितका तो निकामी. स्वच्छ फिल्टरचे वजन माहीत असणाऱ्या सफाई कारागिराकडून तो तोलून घ्यावा. बसवताना मेकॅनिकने स्कॅनरवर ‘नवा फिल्टर’ अशी नोंद केली तर आतील राख जागच्या जागी राहून संगणकातील हिशेब मात्र शून्यावर येतो; म्हणून सफाई झाली नसेल तर राखेचा अंदाज नोंदवावा, आणि दाबाचा फरक प्रत्यक्ष मोजून घ्यावा.

चौथी गोष्ट कागदाची. फिल्टरवर प्लॅटिनम, पॅलेडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो, त्यामुळे चोरीचा किंवा पोकळ केलेला माल बाजारात येणे अशक्य नाही. जीएसटी क्रमांकाची पावती, मूळ गाडीचा चॅसी नंबर आणि परतीची लेखी मुदत यांवाचून रक्कम हातची सोडू नये. फिल्टर काढून मोकळा पाइप बसवण्याचा सल्ला मिळाला तर तो तत्काळ धुडकावावा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 190(2) अन्वये प्रदूषणमानकांचा भंग करणारी गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्याच अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मात्र या सर्वांआधी आपला मूळ फिल्टर का तुंबला याचा शोध घ्यावा. गळका इंजेक्टर, तेल सोडणारा टर्बो किंवा अयोग्य ऑइल यांपैकी काही कारण शिल्लक राहिले तर बदललेला फिल्टरही त्याच वाटेने जाईल. दोष केवळ आखूड फेऱ्यांचा असेल, तर अधूनमधून मुंबई-नाशिक महामार्गावर पडघ्यापलीकडे एकसारख्या वेगाने गाडी नेणे हा उपाय पुष्कळदा पुरेसा ठरतो. आणि जुनाच फिल्टर वापरायचा असेल, तर पहिला मान स्वतःच्या फिल्टरचा आहे: त्याचा गाभा शाबूत असेल तर तो जाणकाराकडून साफ करून घ्यावा, कारण ज्याचा पूर्वेतिहास आपणांस ठाऊक आहे असा जुना फिल्टर तोच एक.