पिकअप गाडीचे टायर : निवड आणि पारख

शेतमाल बाजारात नेण्याचे साधन बदलले, तसा शेतकऱ्याच्या खर्चाच्या वहीतही पालट झाला. पूर्वी चाकाच्या लोखंडी धावेची काळजी असे. पुढे रबरी टायरांची बैलगाडी आली आणि खेडोपाडी तिला ‘डनलॉप गाडी’ हेच नाव पडले. आज अनेक बागाईतदारांच्या दारी मालवाहू पिकअप उभी असते. ही गाडी घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. परंतु मूळचे टायर झिजून नवे घालण्याची वेळ आली म्हणजे मात्र ‘कोणता स्वस्त आहे?’ एवढा एकच प्रश्न विचारून मोकळे होतो. आमच्या मते ही रीत तोट्याची आहे. टायरला काय झेपते, तो केव्हा तयार झाला व कोणत्या चाकासाठी आहे, हे सर्व त्याच्या अंगावरच छापलेले असते. ते वाचावयास शिकणे आणि मगच भाव विचारणे, हा या लेखाचा विषय होय.

मुंबईच्या फेरीचे महत्त्व

भाजीपाल्याचा मोठा घाऊक व्यापार मुंबई शहरातून वाशीस गेला. तथापि फुलांचा बाजार दादरासच राहिला. दादर स्थानकाच्या पश्चिमेस सेनापती बापट मार्गावरील फुलबाजारात पुणे, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतून झेंडू, शेवंती, गुलाब, निशिगंध येतो. फूल हा नाशवंतांतही नाशवंत माल होय. गाडी रात्री निघते व पहाटेच्या बाजारास ती पोहोचलीच पाहिजे. दसऱ्याच्या आदल्या रात्री खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात टायर फुटला, तर नुकसान एका टायराचे नसते. त्या तोड्याचे सर्व उत्पन्न व गाडीतील माणसांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

शिवाय हा रस्ता एकाच प्रकारचा नाही. शेतातील चिखलाची वाट, गावचा खडीचा रस्ता, घाटाची उतरण, द्रुतगती मार्गावरील तापलेले काँक्रीट आणि शेवटी शहरातील खड्डे, असे सर्व प्रकार एकाच रात्री चाकाखाली येतात. पावसाळ्यात दादर आणि परळ यांच्या दरम्यान हिंदमातेपाशी पाणी साचते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या पाण्याखालच्या खड्ड्याची वा दुभाजकाच्या दगडाची धार टायराच्या बगलेस बसली, तर चांगला टायरही चिरतो. सबब अशा पाण्यात गाडी रस्त्याच्या कडेने न घालता मधून व सावकाश न्यावी.

माल विकून हाती रोकड आली म्हणजे पुष्कळ जण त्याच फेरीत टायर घेऊन येतात. गिरगावात ऑपेरा हाऊसच्या आसपास मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. मुंबईचा टायराच्या धंद्याशी संबंधही जुना आहे. परळला लागून असलेल्या शिवडीस फायरस्टोन कंपनीचा मोठा कारखाना होता; पुढे तो बॉम्बे टायर इंटरनॅशनल या नावाने चालला व कालांतराने बंद पडला. शहरात निवड मोठी असते हे खरे. पण मोठ्या बाजारात चांगल्या मालाबरोबर वाईट मालही येतो, म्हणून पारख अधिक हवी.

माप कसे वाचावे

टायराच्या बगलेवर ‘२१५/७५ आर १५’ असा आकडा आढळतो. यातील २१५ ही टायराची रुंदी मिलिमीटरमध्ये होय. ७५ म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या शेकडा ७५ इतकी आहे. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा लोखंडी रिंगचा व्यास इंचांत. काही पिकअपांवर ‘७.०० आर १५ एल टी’ असे जुन्या पद्धतीचे माप असते, तेथे ७.०० ही रुंदी इंचांत आहे आणि ‘एल टी’ ही अक्षरे हलक्या मालवाहू गाडीची खूण आहेत.

मूळ मापाहून मोठा टायर घातला म्हणजे गाडी भक्कम होते, असा समज आहे. तो चुकीचा होय. २१५/७५ आर १५ या टायराची एकूण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते, आणि २३५/७५ आर १५ ची ७३३. म्हणजे चाक शेकडा सव्वाचारने मोठे झाले. त्यामुळे वेगदर्शक काटा ८० दाखवीत असता गाडी खरोखर ८३ च्या वेगाने धावते, चढणीवर इंजिनास ओढ जड जाते, आणि भरल्या गाडीत टायर मडगार्डला घासण्याचा संभव असतो. कारखान्याने गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप सोडू नये, हेच उत्तम.

भारांक : सर्वांत महत्त्वाचा आकडा

मापाच्या पुढे १००, १०४, १०६ असा एक आकडा व त्यापुढे एक इंग्रजी अक्षर असते. हा आकडा म्हणजे भारांक. योग्य हवा भरली असता एक टायर किती वजन पेलतो, ते यावरून कळते. १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो व १०८ म्हणजे १,००० किलो. दोन आकडे तिरप्या रेषेने दिले असतील, तर पहिला एकेरी चाकासाठी व दुसरा जोडचाकासाठी समजावा. पिकअपला मागे एकेरीच चाक असल्यास पहिला आकडा घ्यावा. पुढील अक्षर वेगाची मर्यादा सांगते : ‘एल’ ताशी १२० किलोमीटर, ‘एन’ १४०, ‘क्यू’ १६०.

आता हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. नेहमीचा माल भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी व फक्त मागची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे. समजा ते १,८०० किलो भरले. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर ९०० किलो आले. येथे १०० भारांकाचा टायर अपुरा पडेल, १०४ चा काठोकाठ पुरेल, आणि १०६ चा घेतल्यास थोडी सवड राहील. हे तिन्ही टायर एकाच मापाचे असू शकतात व एकाच रिंगवर बसतात; दिसण्यात फरक नसतो, किमतीत मात्र असतो. प्रवासी मोटारीचा टायर स्वस्त पडतो म्हणून पिकअपला घालणारे नेमके येथेच फसतात.

फुलांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फूल हलके खरे, पण पावसात भिजलेला झेंडू कोरड्याहून बराच जड होतो. तेव्हा वजन ओल्या मालाचे घ्यावे. कधी फुलांऐवजी कांदा वा डाळिंब नेत असाल, तर त्या फेरीचे वजन हिशेबास धरावे. मात्र टायर भक्कम घातला म्हणून पाटे, ब्रेक व आख भक्कम होत नाहीत. कारखान्याने ठरविलेल्या वजनापेक्षा अधिक भरणे कायद्याने मना आहे, आणि घाटाच्या उतरणीवर ते प्राणघातक आहे.

‘८ पी. आर.’ किंवा ‘८ प्लाय’ यावरून आत खरोखर आठ थर आहेत असे समजू नये. तो बळाचा दर्जा आहे. थर त्याहून कमी असू शकतात.

बांधणी आणि नक्षी

ज्यास बाजारात ‘नायलॉन’ म्हणतात त्या आडव्या-तिरप्या धाग्यांच्या टायराची बगल कणखर असते. दगडधोंड्यांच्या वाटेवर तो टिकतो. पोलादी पट्ट्याचा रेडियल लांबच्या पल्ल्यात कमी तापतो, इंधन वाचवितो व सामान्यतः अधिक चालतो. ज्याची गाडी शेतात थोडी व डांबरी रस्त्यावर पुष्कळ चालते, त्याने रेडियल घ्यावा. एकाच आखावर एक नायलॉन व एक रेडियल कधीही घालू नये.

सरळ खाचांची नक्षी वळणावर व ओल्या डांबरावर चांगली. जाड ठोकळ्यांची नक्षी चिखलात ओढ घेते, पण डांबरावर लवकर झिजते व आवाज करते. पाच किलोमीटरांच्या चिखलासाठी दीडशे किलोमीटर ठोकळे झिजविणे परवडत नाही. मध्यम नक्षी बहुतेकांस पुरेल.

वय आणि झीज

बगलेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. ‘२३२५’ याचा अर्थ २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला माल सवलतीने पुढे केला जातो, म्हणून हे आकडे स्वतः पाहावेत. रबर न वापरताही कडक होत जाते. पाच वर्षांनंतर टायराची दर वर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी तो काढून टाकावा. हंगामापुरती चालणारी गाडी आणि जादा चाक यांच्या बाबतीत हा नियम विशेष लागू पडतो.

खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आले की खाचेची खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. पिकअपसारख्या गाडीस कायद्याची मर्यादा तीच आहे. परंतु घाटाने जाणाऱ्याने तेथवर थांबू नये. खोली तीन मिलिमीटरवर आली असेल, तर मृगापूर्वीच टायर बदलावेत. कारण उथळ खाच पाणी बाहेर टाकू शकत नाही व गाडी पाण्यावरून घसरते.

जुन्या टायराचा मोह

वापरलेल्या टायरांस काळे तेल फासून, झिजलेल्या खाचा चाकूने पुन्हा कोरून ते विकण्याची युक्ती जुनी आहे. कोरलेली खाच खोल दिसते, पण तिच्या तळाशी रबर उरलेले नसते. अशा टायरात झिजेचे उंचवटे कापलेले किंवा खाचेच्या तळापेक्षा बरेच वर उभे दिसतात. आतल्या बाजूस हात फिरवून ठिगळ, सुरकुती वा फुगवटा आहे काय, तेही पाहावे. रबर चढवून नवा केलेला टायर पुढच्या चाकांस मुळीच घालू नये.

किमतीचा विचार किलोमीटरवर करावा. समजा चार हजारांचा टायर २०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला २० पैसे पडले. सहा हजारांचा ४०,००० चालला, तर १५ पैसे. नव्या टायरांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा २८ वरून १८ वर आला आहे. टायरावर आय. एस. आय. चिन्ह असल्याची खात्री करावी आणि टायराचा अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. तिच्यावाचून हमी उपयोगी पडत नाही.

बसविताना आणि नंतर

टायर जोडीने बदलावेत. दोनच नवे घेतले, तर हलक्या गाडीत ते सामान्यतः मागे घालावेत. ओल्या वळणावर मागची बाजू घसरली तर ती आवरणे कठीण असते. मात्र पुढचे टायर मर्यादेपर्यंत झिजले असतील, तर तेही त्याच वेळी बदलावेत. ट्यूब लागणाऱ्या टायरात ट्यूबही नवीच घालावी; ट्यूबविरहित असल्यास व्हॉल्व्ह नवा घ्यावा. चाकांचा तोल व पुढच्या चाकांची सरळ रेघ तपासून घ्यावी आणि शंभर किलोमीटरांच्या आत नट पुन्हा आवळावेत.

हवा नेहमी गार टायरात, निघण्यापूर्वी मोजावी; रिकाम्या व भरल्या गाडीचे पौंड वेगळे असतात, ते पुस्तिकेत पाहावेत. हवा कमी असली म्हणजे बगल सतत दुमडते, तापते व अखेर फुटते. वाटेत टायर गरम झाला म्हणून हवा सोडणे ही तर शुद्ध चूक होय. गार झाल्यावर तो अधिकच मऊ पडतो.

सारांश, दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : पुस्तिकेतील माप, मागच्या एका चाकावरील ओल्या मालाचे वजन, त्यास पुरून उरणारा भारांक, आणि आपल्या रस्त्यास योग्य बांधणी व नक्षी. तयार झाल्याचा आठवडा दुकानात वाचावा. एवढे झाल्यावर भाव करावा. येत्या हंगामात गाडी दादरच्या वाटेस लागण्यापूर्वी वाचकांनी एकदा तरी मागची चाके काट्यावर चढवून हा हिशेब करून पाहावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.